मॉस गार्डन, खुर्पाताल (नैनितालजवळ): भिंग घेऊन जा

नैनितालला आपली मंडळी बोटिंग करतात, मॉल रोडवर मेणबत्त्या घेतात आणि परत येतात, आम्हीपण तेच करणार होतो पण बायकोला झाडापाल्याचं वेड म्हणून हे मॉस गार्डन लिस्टमध्ये घुसलं. ड्रायव्हर म्हणाला, साब वहाँ क्या है, काई है काई!

तर हो, शेवाळंच आहे, म्हणजे मॉस. फुलाबिलांची अपेक्षा ठेवून गेलात तर दहा मिनिटांत कंटाळाल. उत्तराखंड वनविभागाच्या संशोधन शाखेने केलंय, 2020 च्या नोव्हेंबरमध्ये जलसंधारणाचं काम करणाऱ्या ‘जलपुरुष’ राजेंद्रसिंहांच्या हस्ते उद्घाटन झालं. साधारण 10 हेक्टर जागा, तिसेक जाती, आणि सव्वा किलोमीटरची पायवाट. मजा येते ती खाली बसल्यावर. एका दगडावर काळपट सुकलेलं काहीतरी होतं, मला वाटलं मेलं हे, तिथल्या माणसाने बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि बोलता बोलता ते पोपटी होऊन उलगडलं की हो! शाळेत ‘वनस्पतीसृष्टीचे उभयचर’ (जमिनीवर वाढतात, पण प्रजननाला पाणी लागतं) घोकलं होतं, मूलाभ म्हणजे मुळांसारखे धागे वगैरे, ते आत्ता वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी समजलं. याला खरी मुळंच नाहीत, पाणी पानांतूनच पितं, म्हणून हवा बिघडली, सावली तुटली की पहिलं हेच जातं. त्यात पॅकिंगसाठी लोक झाडांवरून पोतीच्या पोती ओरबाडून नेतात, आणि परत वाढायला वर्षं लागतात. पहिल्या महायुद्धात स्फॅग्नम नावाचं मॉस जखमेवर बांधायचे, तेही इथेच कळलं. रक्त शोषून घेतं म्हणे कापसापेक्षा जास्त. पोरगी म्हणाली, ईऽऽ.

पावसाळ्यात किंवा पाऊस संपता संपता जा, आम्ही सप्टेंबर अखेरीस गेलो, सगळं हिरवंगार. मे महिन्यात गेलात तर बरंचसं सुकलेलं दिसेल आणि मग मला शिव्या घालाल. घसरतं, चांगले बूट घाला, आणि भिंग नक्की न्या, मॉसमधून वर आलेल्या त्या बारीक दांड्यांवरच्या टोप्या नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत.

एक लोचा मात्र झाला. घरी ऑर्किडसाठी मी नर्सरीतून मॉसची पाकिटं आणायचो, ते कुठून येतं कधी विचारलं नव्हतं. परत आल्यावर विचारलं तर नर्सरीवाला म्हणाला, जंगलातलंच असतं साहेब, एकदम नॅचरल. सध्या नारळाच्या शेंड्या वापरतोय. ऑर्किडची अजून तरी काही तक्रार नाही.