मारिओ टेनिस: गेम बॉय कलरवरील की थ्रीडीएसवरील?

कॅमेलॉट या जपानी कंपनीने निन्टेंडोच्या गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी घडवलेल्या २००० सालच्या ‘मारिओ टेनिस’ या व्हिडिओ गेमला समीक्षकांनी मनापासून उचलून धरले, कारण त्यात मारिओपेक्षाही अकादमीत शिकणारा नवखा खेळाडू केंद्रस्थानी होता, सामने जिंकून अनुभवाचे गुण मिळवायचे आणि आपला खेळाडू कसा घडवायचा हे स्वतः ठरवायचे, हीच त्याची खरी गोडी. थ्रीडीएस या निन्टेंडोच्याच नंतरच्या यंत्रावरील २०१२ च्या ‘मारिओ टेनिस ओपन’ची सुलभ नियंत्रणे आणि ऑनलाइन सामने वाखाणले गेले, परंतु असा कथाप्रवास वगळल्याबद्दल अनेकांनी नाराजी नोंदवली, आणि ती मला अगदी रास्त वाटते.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात, जिथे उन्हाळ्याची दुपार भारनियमनात काढावी लागते, दोन पेन्सिल सेलवर चालणारे जुने यंत्रच सोयीचे ठरते. ऑनलाइन सामन्यांची ती स्तुती तर, एप्रिल २०२४ मध्ये ती सेवा बंद झाल्यामुळे, आता गावालाच काय, नागपूरलाही उपयोगाची राहिलेली नाही. शेजारी बसलेल्या भावंडाशी खेळायचे असेल, तर मात्र ‘ओपन’ सरस आहे: जुन्या खेळाला दोन यंत्रे जोडणारी केबल लागते, नव्याला लागत नाही.