सबटू­एसआरएस आणि अंकी: सिरीयल बघून जपानी, खरंच जमतं का?

सबटूएसआरएस हे विंडोजवर चालणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, व्हिडिओ आणि जपानी सबटायटलची फाईल दिली की प्रत्येक संवादाचा आवाज, सीनचा फोटो आणि ओळ कापून अंकीसाठी, म्हणजे कार्डं दाखवून ठरावीक दिवसांनी उजळणी करून घेणाऱ्या अॅपसाठी, कार्डं तयार करून देतं, हवं तर मागे इंग्रजी ओळ पण टाकता येते. दिसायला एकदम जुनाट आहे पण काम चोख.

मी कार्डाच्या पुढे फक्त आवाज आणि फोटो ठेवते. दोन सेकंदाचं वाक्य कानावर पडतं, पात्राचा चेहरा दिसतो, आणि काय म्हणाला ते आठवायचं, मग उलटून बघायचं. पुस्तकातल्या यादीपेक्षा हे कितीतरी पटीने डोक्यात बसतं.

आता कटकटी. सबटायटल दुसऱ्याच कॉपीची असली तर वाक्याचं शेपूट तुटतं, त्यासाठी टाइम शिफ्ट (सबटायटलची वेळ मागेपुढे सरकवणं) आणि पॅडिंग (वाक्याच्या आधी-नंतर थोडा जास्त आवाज ठेवणं) सेट करा, आळस करू नका. आणि एका एपिसोडची शेकडो कार्डं होतात, त्यात नुसते "आँ", "अरे" सुद्धा, सरळ उडवा हो, एकच नवीन शब्द असलेली वाक्यं तेवढी ठेवा नाहीतर रोजचे उजळणीचे रिव्ह्यू अंगावर येतात.

अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड फुकट, आयफोनवाल्यांना मात्र पैसे मोजावे लागतात.

जेएलपीटी एन५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) देणाऱ्यांनी याच्याच भरवशावर राहू नये, व्याकरण वेगळं करावंच लागतं. शिवाय अॅनिमेतली (जपानी कार्टूनमधली) अरेतुरेची भाषा जपानी बॉसपुढे चालत नाही, म्हणून घरगुती किंवा ऑफिसवाल्या सिरीयल घ्या.

माझ्याकडून पाचपैकी चार.