‘फिंच’: कुत्र्यासाठी घडवलेला सोबती

‘फिंच’ (२०२१, अॅपल टीव्ही प्लस, ११५ मिनिटं) या सिनेमात सौरज्वाळेने उजाड झालेल्या जगात राहणाऱ्या फिंच या आजारी इंजिनिअरला (टॉम हँक्स) एकच घोर लागला आहे: आपल्या पश्चात गुडइयरला, म्हणजे आपल्या कुत्र्याला, कोण सांभाळणार? त्यासाठी तो अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या तळघरात यंत्रमानव बांधतो. पुस्तकं स्कॅन करून त्याच्या मेंदूत भरतो आणि यंत्रमानवांच्या नेहमीच्या तीन आज्ञांवर (माणसाला इजा करायची नाही, त्याचं ऐकायचं, स्वतःला जपायचं) चौथी घालतो: मी नसेन तेव्हा कुत्र्याचं भलं बघायचं, आणि ही आज्ञा बाकी सगळ्यांच्या वर. पण मोठं वादळ येऊन ठेपतं आणि जेमतेम ७२ टक्के माहिती भरून झालेली असताना जुन्या मोटरहोममधून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघावं लागतं.

सिनेमाचा जीव या अर्धवट राहिलेल्या शिकवणीत आहे. जेफला, म्हणजे त्या यंत्रमानवाला, कुत्र्यांविषयी सगळं पाठ आहे, तरी गुडइयर त्याला जवळ येऊ देत नाही. खायला घालणं, चेंडू टाकणं ही साधी कामं त्याला पुन्हापुन्हा करावी लागतात, आणि कुत्र्याचा विश्वास त्याच्या गतीनेच बसतो. पटकथा इथे घाई करत नाही, म्हणून पुढे येणारे हळवे प्रसंग उपरे वाटत नाहीत.

जेफ पडद्यावर खरा वाटतो, याचं श्रेय ही भूमिका करणाऱ्या केलब लँड्री जोन्सला. मोशन कॅप्चरचा (नटाच्या हालचाली संगणकाने टिपण्याचा) पोशाख आणि पायांना उंची देणाऱ्या काठ्या घालून तो सेटवर प्रत्यक्ष हजर होता. त्यामुळे टॉम हँक्सची नजर जेफच्या चेहऱ्यावर बरोबर पडते, रागातही आणि कौतुकातही. जेफच्या आवाजाकडे कान द्या: सुरुवातीचा सपाट, यांत्रिक उच्चार प्रवासात हळूहळू सैल होत जातो. चालण्याचंही तसंच. दिग्दर्शक मिगेल सापोच्निक मोठ्या लढायांच्या दृश्यांसाठी ओळखला जातो, पण इथे तो रमला आहे तो या बारकाव्यांत. गुस्तावो सांताओलायाचं संगीतही कुठे गळा काढत नाही.

विज्ञान मात्र डळमळीत आहे. सौरज्वाळेने ओझोनचा थर फाटला, इथवर कथेपुरतं चालेल. पण त्यामुळे पारा ६५ अंशांवर जाणं पटत नाही. सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी. थर गेला तर कातडी आणि डोळे भाजतील, पिकं मरतील, पण हवा भट्टीसारखी तापणार नाही. शिवाय हे किरण कातडीखाली फारसे शिरत नाहीत, त्यामुळे फिंचच्या खोकल्यातून रक्त पडण्याचं कारण त्यांच्यावर ढकलता येत नाही.

दुसरी उणीव जास्त खटकते. फिंचला माणसांची भीती आहे, आणि ती का, हे त्याने सांगितलेल्या एका जुन्या प्रसंगातून अंगावर येतं. वर्तमानात मात्र ती एका पाठलागावर भागवली आहे. गाडी मागे लागते, निघून जाते, आणि तो धागा तिथेच सुटतो. मधली वीसेक मिनिटं त्यामुळे ढिली पडली आहेत.

लहान मुलांसोबत बघणार असाल तर: हाणामारी जवळपास नाही, पण आजारपण आणि मृत्यू थेट दाखवले आहेत. ड्यूई या छोट्या रोबोचा प्रसंगही मुलांना लागतो. गुडइयरला शेवटपर्यंत काही होत नाही, एवढं मुलांना आधीच सांगून ठेवा.