सांगलीतलं मानसोपचार क्लिनिक: एफ ३३ चं एफ ३१ झालं

मार्चपासून दादाला घेऊन या क्लिनिकमध्ये जातेय. आमच्यासारख्या घरांना उपयोग होईल म्हणून लिहितेय.

दादा तीन वर्षं दुसरीकडे नैराश्याच्या गोळ्या घेत होता. जुन्या फाइलवर 'एफ ३३' असा आजाराचा कोड असायचा. त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा येणारं नैराश्य, हे इथे कळलं. इथल्या मॅडमनी ती फाइल मिटली आणि आईला विचारलं, "काकू, दोन-तीन तास झोपूनही हा अगदी ताजातवाना, असे दिवस कधी आले होते का?"

आई लगेच म्हणाली, "गेल्या गणपतीत!"

पाच रात्री जागून दादाने एकट्याने मखर केलं, पहाटे तीनला हॉलची भिंत रंगवली, गरज नसताना हप्त्यावर दुसरी बाईक बुक केली. आम्हाला वाटलं, पोरगं बरं झालं. आधी कुणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. चांगल्या दिवसांची तक्रार कोण करतं?

मॅडमनी केसपेपरच्या पाठीवर पेनाने तीन चौकोन काढले. एका टोकाला स्किझोफ्रेनिया, दुसऱ्या टोकाला नैराश्य, मधे बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद (गणपतीतल्यासारखा अतिउत्साह) असा आजार. अमेरिकेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात २०१३ पासून त्याला असं मधलं, स्वतंत्र प्रकरण आहे. आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (फाइलवरचे कोड यातलेच) मात्र ते नैराश्याच्याच शेजारी, मूडच्या आजारांत: एफ ३१. उन्माद आठवडाभर टिकला किंवा अ‍ॅडमिट करावं लागलं तर टाइप १. तो सौम्य, पण निदान चार दिवसांचा, आणि जोडीला मोठं नैराश्य असेल तर टाइप २. दादा टाइप २. "सौम्य म्हटलं म्हणून आजार हलका समजू नका, यात नैराश्याचा काळ फार लांबतो," हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आकडा बदलला तशी औषधंही बदलली, कारण नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी बायपोलरमध्ये उन्माद उसळू शकतो. मूड स्थिर ठेवणारं लिथियम सुरू झालं. त्याची रक्तातली पातळी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी बघतात; आदल्या दिवशी सिस्टर आठवणीने फोन करतात. थायरॉइड आणि किडनीची तपासणीही चुकवू देत नाहीत.

दोन गोष्टी सुधारायलाच हव्यात. सहाची वेळ दिली की पावणेआठला नंबर लागतो. आणि तपासणीच्या खोलीला नुसतं प्लायवूडचं पार्टिशन आहे, आतलं बोलणं बाकावर ऐकू येतं. आई तिथे रडली ते बाहेरच्यांनी ऐकलं, हे मला फार लागलं.

तरी आम्ही इथेच जाणार. परवा दादाने स्वतःहून विचारलं, "मॅडम, यंदा मखर करू ना?"

"कर की. पण अकराला झोपायचं."