वडिलांच्या नाकावरील बेसल सेल कार्सिनोमाची शस्त्रक्रिया : आमचा अनुभव

वडिलांच्या उजव्या नाकपुडीशेजारी मसुराएवढी, मोत्यासारखी चकाकणारी गाठ होती. तिच्यावर खपली धरायची, टॉवेल लागला की रक्त यायचे, आणि आधीच्या दवाखान्यात वर्षभर नुसते मलमच दिले गेले, याची खंत आजही वाटते. पुण्यातील ज्या रुग्णालयात अखेर बायोप्सी झाली, तेथील प्लास्टिक सर्जनांनी निदान नीट समजावले : त्वचेच्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारा हा प्रकार शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, परंतु दुर्लक्ष केल्यास नाकाची कूर्चाही पोखरतो. भूल केवळ त्या जागेपुरती दिली. गाठीभोवतीची ४ मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचाही काढली, कडांमध्ये कर्करोगाच्या पेशी उरल्या नाहीत ना, हे फ्रोझन सेक्शनने (काढलेला तुकडा लगेच गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून) तपासले आणि मगच गालाची त्वचा सरकवून जखम झाकली. घाई न करण्याची ही शिस्त मला सर्वांत मोलाची वाटली. टाके सहाव्या दिवशी निघाले. व्रण आता नाकाशेजारच्या घडीत लपला आहे. अंतिम अहवालासाठी मात्र १० दिवस ताटकळावे लागले आणि चौकशीच्या खिडकीवर कोणी धड उत्तर देत नव्हते, हे सुधारायलाच हवे. दर ६ महिन्यांनी तपासणीला बोलावतात, तेव्हा चेहरा, कानांच्या पाळ्या, टाळू सारे बारकाईने पाहतात.