स्कॉर्पिओच्या मागे डिस्क ब्रेक: सहा महिन्यांनंतर

माझी स्कॉर्पिओ २००८ ची, मागे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून शू (घर्षणाचे पट्टे) दाबून थांबवणारे. पावसाळ्यात शेताकडचा ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी-चिखल शिरायचा आणि पुढचा बराच वेळ मागचे ब्रेक नीट धरायचे नाहीत. आईला घेऊन आंबोली घाट उतरताना जीव मुठीत असायचा.

कोल्हापुरातल्या एका गॅरेजात ड्रम काढून डिस्क बसवून घेतले. कॅलिपर (चकतीला चिमटणारा भाग), रोटर (चाकासोबत फिरणारी उघडी चकती), ब्रॅकेट, नवे होज, मजुरी धरून ३४ हजार. मिस्त्रींनी आधीच स्पष्ट सांगितलं, "साहेब, गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचेच ब्रेक करतात. अर्ध्या अंतरात थांबेल ही आशा नको." तसंच आहे. पण ओढ्यातून बाहेर पडल्यावर दोनदा पेडल दाबलं की रोटर कोरडा, हे सुख मोठं आहे.

खरी मेख हँडब्रेकची, तो मागच्याच चाकांवर चालतो. ड्रमचे शू चाकाच्या फिरण्यानेच आणखी आवळतात, डिस्कला ती मदत नाही. पहिल्याच आठवड्यात घरासमोरच्या चढावर गाडी वीतभर मागे सरकली. परत नेली तर त्यांनी एक पैसा न घेता केबल ओढून दिली, चढावर उभी करून दाखवली. आता हलत नाही. तरी मी चाकामागे दगड लावतोच.