पानगळीची सजावट: खरी पानं की कापडी?

पानगळीच्या दिवसांत घर सजवायला फार काही लागत नाही. उंच काचेची बरणी, तिच्यात एक वाकडीतिकडी फांदी आणि चार-पाच तांबूस पानं. बास. प्रश्न इतकाच, की पानं झाडाखालून उचलायची की कापडी विकत आणायची?

उचललेल्या पानांना पैसे पडत नाहीत. शिवाय एकाच पानात पिवळा, तांबडा, तपकिरी असे रंग एकमेकांत विरघळलेले असतात. ते कापडावर कधी तसे उतरत नाहीत. टिकवायचं म्हटलं की मात्र खटाटोप आला. नुसती ठेवली तर काही दिवसांत कुरकुरीत होऊन चुरा पडतो. टिपकागदात घालून जाड पुस्तकाखाली आठ-पंधरा दिवस दाबली, तर सपाट राहतात आणि फ्रेममध्ये छान दिसतात. लवचीक हवी असतील तर 1 भाग ग्लिसरीन आणि 2 भाग पाणी या मिश्रणात काही दिवस बुडवायची. पानातल्या पाण्याची जागा ग्लिसरीन घेतं, म्हणून ती मोडत नाहीत. रंग थोडा गडद होतो. मला तर तोच जास्त आवडतो.

कापडी पानं दरवर्षी खोक्यातून काढायची, झालं. फक्त धूळ झटकावी लागते आणि उन्हात ती फिकट पडतात.

मेणबत्ती दोन्हींजवळ नको, बॅटरीचे दिवे लावा. माझ्यापुरतं सांगायचं तर उंचावर, जिथे हात सहज पोचत नाही तिथे कापडी. टेबलावर, जिथे पाहुणा वाकून बघतो, तिथे खरीच.